कागदाच्या गावात एक कामाचा दिवस: एचिझेनला जाणाऱ्यांसाठी

आमच्या आजोळी एक पोथी होती. तिच्या पानांच्या कडा इतक्या ठिसूळ झाल्या होत्या की पान उलटलं की तुकडा हातात यायचा. ती दुरुस्त करून देणाऱ्या बाईंनी पानामागे एक कागद चिकटवला. तो इतका पातळ होता की त्यातून खालची अक्षरं जशीच्या तशी वाचता येत होती, आणि इतका चिवट की उरलेला तुकडा मी ओढून पाहिला तरी फाटेना. "जपानी टिश्यू," त्या म्हणाल्या, "झाडाच्या सालीचा असतो." आपल्याकडे मोडी दफ्तरांच्या डागडुजीलाही हाच कागद वापरतात. तो कुठे आणि कसा होतो हे बघायची ओढ तेव्हापासून लागली, आणि शेवटी मी जपानच्या फुकुई प्रांतातल्या एचिझेनला जाऊन पोचले.

या कागदाला जपानीत 'वाशी' म्हणतात. 'वा' म्हणजे जपानी, 'शी' म्हणजे कागद. एचिझेन शहराच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीत ओइझु, ओताकी, इवामोतो, शिनझाइके आणि सादातोमो अशी पाच गावं एकमेकांना लागून आहेत. या भागाला 'गोका' म्हणतात, म्हणजे पाच ठिकाणं. सुमारे दीड हजार वर्षांपासून इथे कागद होतो असं गावकरी सांगतात, आणि आजही तो घरोघरच्या कारखान्यांत होतो. 1868 नंतर मेजी सरकारनं देशभर चालणाऱ्या पहिल्या कागदी नोटा काढल्या, त्यांचा कागद इथलाच.

इथे येणारे बरेच पर्यटक वीस मिनिटांत फुलं घातलेलं एक पोस्टकार्ड बनवतात, फोटो काढतात आणि पुढच्या गाडीनं निघून जातात. तसं करू नका. या गावाला एक पूर्ण दिवस द्या, तोही कामाचा वार बघून. कागद ओढायचं, म्हणजे हौदातल्या लगद्यातून चौकटीनं ताव उचलायचं, काम डोळ्यांत भरतं खरं, पण कागद घडतो तो त्याआधी, थंड पाण्यात. ते बघायला वेळ लागतो.

कधी जायचं

सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी संग्रहालयं उघडी असतात, पण कारखाने बहुतेक बंद असतात. माझी पहिली फेरी शनिवारी झाली. रस्ते सुंदर होते, ओढ्याचा आवाज होता, आणि सगळी दारं बंद. संग्रहालयांनाही आठवड्यातून एकदा सुट्टी असते, तो वार निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. नववर्षाचे दिवस आणि ऑगस्टच्या मधला ओबोनचा आठवडा टाळा. ओबोन हा त्यांच्याकडचा पितरांचा सण, त्यासाठी माणसं आपापल्या घरी जातात.

ऋतू निवडता येत असेल तर हिवाळा निवडा. फुकुईत बर्फ भरपूर पडतो, ओला आणि जड, आणि प्रवासाचे हाल होतात. पण कागदाचा खरा हंगाम तोच. पानं गळली की कोझोच्या, म्हणजे ज्याच्या सालीचा कागद होतो त्या झाडाच्या, फांद्या तोडतात. थंड पाण्यात लगदा लवकर नासत नाही, आणि लगद्यात घालायचा चिकट रस थंडीतच नीट टिकतो. उन्हाळ्यात तो पातळ पडतो. जुने कारागीर 'कान-झुकी', म्हणजे ऐन थंडीत ओढलेला कागद, वेगळा मानतात तो यासाठी. बर्फ नको असेल तर एप्रिल किंवा नोव्हेंबर चांगला.

मे महिन्याच्या 3, 4 आणि 5 तारखेला इथे कागददेवीचा उत्सव असतो. डोंगरावरच्या देवळातून देवीची पालखी खाली आणतात आणि ती गावागावांतून फिरते. आपल्याकडच्या पालख्या पाहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. मात्र ते दिवस जपानमधल्या सगळ्यात मोठ्या सुट्ट्यांचे. राहायची जागा काही महिने आधी धरावी लागते, आणि कारखाने बघायला मिळतील ही आशा त्या वेळी सोडून द्यावी.

कसं पोचायचं

भारतीय पासपोर्टवर पर्यटन व्हिसा आधी काढावा लागतो. अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम द्यायचा असतो, त्यात 'एचिझेन, फुकुई' असं स्पष्ट लिहा.

होकुरिकू शिंकानसेन, म्हणजे या भागातली बुलेट ट्रेन, 16 मार्च 2024 ला त्सुरुगापर्यंत वाढली आणि एचिझेनला स्वतःचं स्थानक मिळालं: एचिझेन-ताकेफू. तोकियोहून थेट गाडी आहे, तीन तासांच्या आसपास लागतात. क्योतो किंवा ओसाकाहून आलात तर 'थंडरबर्ड' गाडीनं त्सुरुगापर्यंत यायचं आणि तिथे शिंकानसेन पकडायची. पुढचंच स्थानक एचिझेन-ताकेफू. त्सुरुगाला थंडरबर्ड खालच्या मजल्यावर थांबते आणि शिंकानसेन वरच्या. मधे वेळ थोडा असतो, त्यामुळे सामान आटोपशीर असू द्या. सगळ्या शिंकानसेन गाड्या एचिझेन-ताकेफूला थांबत नाहीत, हे तिकीट काढतानाच बघा.

आता दोन घोटाळे, दोन्ही नावांचे. एक, 'एचिझेन-ताकेफू' आणि 'ताकेफू' ही वेगवेगळी स्थानकं आहेत, मधे काही किलोमीटरचं अंतर आहे. शिंकानसेन पहिल्यावर येते. शहरातली हॉटेलं, दुकानं आणि कागदाच्या गावाकडे जाणारी बस दुसऱ्यापाशी आहेत. बसला साधारण अर्धा तास लागतो, थांब्याचं नाव 'वाशी नो सातो', म्हणजे कागदाचं गाव. फेऱ्या मोजक्याच असतात, सुट्टीच्या दिवशी आणखी कमी. त्यामुळे उतरल्याबरोबर परतीच्या वेळेचा फोटो काढून ठेवा. शिंकानसेनच्या स्थानकावरून गाव तसं जवळ आहे, तिथून टॅक्सी बरी. तिघं-चौघं असाल तर खर्चही अंगावर येत नाही.

दुसरा घोटाळा नकाशाचा. तोकियोजवळच्या साइतामा प्रांतात हिगाशी-चिचिबू नावाचं गाव आहे, तिथल्या कागद केंद्राचं नावही 'वाशी नो सातो'च. नकाशात शोधताना 'एचिझेन' हा शब्द जोडायला विसरू नका.

हातात एकच दिवस असेल आणि मुक्काम तोकियोत असेल, तर मात्र त्या साइतामाकडेच जा. इकेबुकुरोहून तोबू-तोजो मार्गाच्या गाडीनं ओगावामाची गाठता येतं. ओगावामाची आणि हिगाशी-चिचिबू इथल्या होसोकावा कागदाची कला 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, गिफूचा मिनो कागद आणि शिमानेचा सेकिशू कागद यांच्यासोबत. धावत-पळत एचिझेन गाठण्यापेक्षा निवांत ओगावा बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाण्याआधी पत्र लिहा

हे कारखाने म्हणजे लोकांची घरं आणि रोजीरोटी. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरू नये. तीन-चार आठवडे आधी ईमेल पाठवा, जपानीत. भाषांतराचं अ‍ॅप पुरेसं आहे, फक्त वाक्यं छोटी ठेवा. आपण कोण, किती जण, कोणती तारीख, ती जमत नसेल तर दुसरी कोणती, काय बघायचं आहे आणि किती वेळ थांबणार, एवढं लिहा. 'केंगाकु' म्हणजे शिकण्यासाठी बघायला येणं. हा शब्द विषयातच घाला, समोरच्याला हेतू लगेच कळतो. काही ठिकाणी केंगाकुसाठी शुल्क असतं, ते आनंदानं द्या, कारण तेवढा वेळ कुणाचं तरी काम थांबलेलं असतं.

उत्तर आलं नाही तर ते नाहीच समजा आणि संग्रहालयाच्या माहिती कक्षात विचारा. कोणता कारखाना सध्या पाहुणे घेतो हे त्यांना ठाऊक असतं. ऑक्टोबरमध्ये एचिझेन आणि साबाए ही शहरं आणि एचिझेन-चो हे शेजारचं वेगळं गाव, या भागात 'रिन्यू' नावाचा उपक्रम होतो. तेव्हा कागदाचेच नव्हे, तर लाखेची भांडी, सुऱ्या, चश्म्याच्या फ्रेम असे कितीतरी कारखाने स्वतःहून दारं उघडतात. जपानी लिहिणं-बोलणं अगदीच जमणार नसेल, तर त्या दिवसांत या.

सकाळ: उदात्सुचं घर

बस थांब्यापासून दोन-अडीचशे मीटरच्या एका गल्लीत तीन इमारती आहेत: कागद आणि संस्कृती संग्रहालय, उदात्सु हस्तकला भवन आणि पापिरस भवन. बहुतेक जण कागद करून बघण्यासाठी आधी पापिरसला जातात. तुम्ही उदात्सुपासून सुरुवात करा. अठराव्या शतकातलं एका कागदवाल्याचं घर इथे आणून पुन्हा उभं केलं आहे, आणि त्यात कारागीर जुन्या पद्धतीनं, जुन्या अवजारांनी कागद करतात. सकाळी गर्दी नसते, प्रश्न विचारता येतात.

काय बघायचं ते क्रमानं सांगते.

आधी साल. कोझो हे तुतीच्या कुळातलं झाड. त्याच्या फांद्या वाफवून साल सोलतात, बाहेरचा काळा भाग खरवडून काढतात आणि आतली पांढरी साल ठेवतात. कोझोचा धागा साधारण 10 मिलिमीटर लांब असतो. आपल्या वहीचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्याचे धागे याच्या तुलनेत अगदी तोकडे. पोथीमागचा तो कागद फाटत का नव्हता, याचं उत्तर इथेच मिळतं. मित्सुमाता आणि गाम्पी या झाडांचे धागे आखूड, म्हणून त्यांचा कागद नितळ आणि थोडा चमकदार. मित्सुमाताचा कागद जपानच्या नोटांना लागतो, आणि त्यासाठीची बरीचशी साल आता नेपाळच्या डोंगरांतून येते, जिथे त्या झाडाला अर्गेली म्हणतात.

मग साल सोड्यात किंवा राखेच्या पाण्यात शिजवतात, धुतात, आणि येते ती पायरी जिच्यासाठी मी तुम्हाला इथवर यायला सांगते आहे. तिचं नाव चिरितोरी, म्हणजे कचरा वेचणं.

मी पाहिलं त्या कारखान्यात दोन आजी पाण्याच्या हौदाशी बसल्या होत्या. जाड रबरी एप्रन, कोपरापर्यंत बाह्या. एक आजी शिजलेल्या सालीची पट्टी पाण्यात सोडायची, ती केसांसारखी पसरायची, आणि मग बोटाच्या अग्रानं एकेक ठिपका निघायचा: सालीचा काळा कण, गाठ, किड्यानं खाल्लेली जागा. पट्टी उलटायची, पुन्हा तेच. तांदूळ निवडणारा हात जसा न बघता चालतो, तसा तो हात चालत होता. मी घड्याळ लावून बघितलं. दहा मिनिटांत मूठभरही साल झाली नाही. विचारून मी हौदात बोटं घातली आणि लगेच बाहेर काढली, इतकं पाणी गार होतं. त्या तिथे सकाळपासून बसल्या होत्या. चांगल्या कागदाची किंमत बघून 'एवढी?' असं वाटलं, तर हा हौद आठवा.

त्यानंतर कुटणं, आणि मग हौदातलं ओढणं. हौदाला 'सुकिबुने' म्हणतात. पाण्यात कुटलेले धागे आणि 'नेरी' घालतात. नेरी म्हणजे तोरोरो-आओई या झाडाच्या मुळांचा रस. हे झाड आपल्या भेंडीचं सख्खं नातेवाईक. भेंडी चिरताना सुरीला जी तार येते, तीच तार इथे हौदात दिसते. लोकांना वाटतं ही खळ असावी, पण नेरीनं कागद चिकटत नाही. तिच्यामुळे पाणी दाट होतं, धागे तळाशी बसत नाहीत, आणि चाळणीतून पाणी सावकाश निथळतं. तेवढ्या वेळात कारागीर चौकट हलवून धागे एकमेकांत गुंफतो.

चौकट म्हणजे 'सुकेता'. तिच्यात बांबूच्या बारीक काड्यांची, दोऱ्यानं विणलेली चटई असते. पहिल्यांदा थोडंसं पाणी घेऊन झटकन सगळीकडे फिरवायचं, मग पुन्हा घ्यायचं आणि पुढे-मागे, आडवं हलवायचं, आणि शेवटी उरलेलं पाणी एका झटक्यात पलीकडे फेकायचं. या पद्धतीला 'नागाशी-झुकी' म्हणतात. आवाजाकडे लक्ष द्या. सराईत हाताचा आवाज एका लयीत येतो, नवख्याचा तुटक. ओले ताव एकावर एक, मधे काहीही न घालता रचतात. दाब देऊन पाणी काढल्यावर ते पुन्हा सुटे होतात, ही किमयाही नेरीचीच. मग एकेक ताव रुंद ब्रशनं गिंको झाडाच्या फळीवर पसरून वाळवतात.

आपल्याकडे खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा जुन्नरला जो कागद होत आला, तोही हौदातूनच निघायचा, पण चिंध्यांच्या लगद्यातून. शिवाय तो खळ लावून दगडानं घोटून गुळगुळीत करत, कारण आपली लेखणी बोरूची. जपानी लेखणी म्हणजे मऊ कुंचला, म्हणून त्यांनी कागद मऊच ठेवला. माझ्या आजोळच्या पोथीचं पान घोटलेलं होतं आणि त्याला आधार दिला तो न घोटलेल्या कागदानं.

दुपार: आपल्या हातानं

जेवणाची सोय आधी बघा. गावात दर कोपऱ्यावर हॉटेल नाही. एचिझेनची ओळख म्हणजे ओरोशी सोबा, किसलेल्या मुळ्यासोबत खायच्या गार शेवया. चव फार छान, पण तिच्या रश्शात बहुधा माशाचा अर्क असतो. पूर्ण शाकाहारी असाल तर ताकेफूहूनच उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोंबू (समुद्री शेवाळ) घातलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेऊन या, किंवा घरचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवा. मांसाचा कोणताही पदार्थ जपानमध्ये नेऊ नका, विमानतळावर तो काढून घेतात.

मग पापिरस भवन. इथला वीस मिनिटांचा प्रकार सोपा आहे. लगदा चौकटीत घेऊन निथळू द्यायचा, वर रंगीत लगदा नाहीतर वाळवलेली फुलं मांडायची, आणि वाळवून लगेच हातात. मुलं बरोबर असतील तर फारच छान. तुम्हाला नागाशी-झुकी करून बघायची असेल तर तसं आधी कळवावं लागतं. 'नागाशी-झुकी, योयाकु' एवढे दोन शब्द लिहिले तरी चालतं, योयाकु म्हणजे आरक्षण.

हात घालण्याआधी बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढा. लांब मंगळसूत्र आणि ओढणी आत खोचा. चटईच्या काड्या इतक्या बारीक असतात की धातूचा एक ओरखडा पुरतो, आणि अशी चटई विणणारी माणसं आता जपानभर मोजकीच उरली आहेत. जमीन ओली असते, म्हणून न घसरणारे, पटकन काढता येणारे बूट घाला. चौकट हलवताना मनगटानं नाही, कमरेपासून हलवा. माझा पहिला ताव एका कोपऱ्यात जाड आणि दुसरीकडे विरविरीत झाला, कारण मी मनगटानं झटकत होते. शेजारच्या कारागिरानं काही न बोलता माझ्या कोपरांना आधार दिला, आणि चौथा ताव सरळ आला.

फोटो विचारूनच काढा: "शाशिन ओ तोत्तेमो ई देस का?" हातांचा फोटो सहसा चालतो. वॉटरमार्क असलेल्या किंवा कुणाच्या खास मागणीच्या कागदाजवळ मात्र नकार येऊ शकतो. भेट म्हणून छोटं काही न्यायचं असेल तर बंद पाकिटातली चिक्की उत्तम, फक्त शेंगदाणे आहेत हे जपानीत लिहून द्या.

देवळाकडे

चार वाजायच्या आत ओताकीकडे चालायला लागा. ओकामोतो-ओताकी देऊळ 1843 साली बांधलेलं, सायप्रसच्या सालीच्या छपराचं. पुढचा मंडप आणि मागचा गाभारा यांची छपरं एकमेकांत चढत गेली आहेत, लाटांवर लाटा याव्यात तशी. बाजूनं बघा, समोरून ते कळत नाही.

इथली देवी कावाकामी गोझेन. गोष्ट अशी की ओढ्याच्या वरच्या अंगानं एक सुंदर स्त्री आली आणि म्हणाली, इथे शेतजमीन थोडी आहे, पण पाणी निर्मळ आहे, तेव्हा कागद करा. अंगावरचं वस्त्र बांबूवर टाकून तिनं कागद कसा करायचा ते शिकवलं. नाव विचारलं तर एवढंच म्हणाली, मी वरच्या अंगाला राहते. 'कावाकामी' म्हणजे तेच, नदीची वरची बाजू. नोटांचा कागद करणाऱ्या सरकारी कारखान्यानंही हीच देवी आपल्याकडे नेऊन बसवली आहे. जपानीत कागदाला 'कामी' म्हणतात आणि देवालाही 'कामी'. लिपीतली चिन्हं वेगळी, उच्चार जवळपास सारखा.

कागद घेताना आणि आणताना

विकत घेताना 'सुंदर कागद द्या' म्हणू नका. कशासाठी हवा ते सांगा. ठशाच्या छपाईला होशो: जाडसर, मऊ आणि आकारात न बदलणारा. उकियो-ए, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या जुन्या जपानी चित्रांचे, रंग एकावर एक छापताना तो सरकत नाही, म्हणून नाव झालं. हा कागद कोझोपासून करणारे नववे इवानो इचिबेई यांना जपान सरकारनं 2000 साली 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. चित्र किंवा सुबक अक्षरांसाठी तोरिनोको, अंड्याच्या कवचासारख्या रंगाचा. शाईच्या पेनानं लिहायचं असेल तर 'दोसा-बिकी' मागा, नाहीतर शाई फुटते. दोसा म्हणजे तुरटी आणि सरस, आणि सरस प्राण्यांपासून काढलेला असतो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं. छोट्या दुकानांसाठी रोख येन जवळ ठेवा.

ताव गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत घाला आणि नळी केबिनच्या सामानात घ्या. घरी आल्यावर सपाट ठेवा, मधे घड्या नकोत. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात कागद भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. ओल धरतो, मग कसर लागते. सुती कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवा, आणि पाऊस सरला की सावलीत, वाऱ्यावर दिवसभर पसरा. उन्हात नको.